‘आईचंच चुकलं’ असं वर्गात कुणी म्हणालं तर?

पत्राचा सारांश: पत्र लिहिणाऱ्या बाई जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवीच्या वर्गशिक्षिका आहेत. वर्गाचा पट ३१. दुपारच्या सुट्टीनंतर त्या मुलांना रोज थोडी थोडी ‘श्यामची आई’ वाचून दाखवतात. एका प्रशिक्षणात नाट्यीकरणाबद्दल ऐकून त्यांना हुरूप आला. त्यांनी श्यामच्या पोहण्याच्या प्रकरणाचे (भीतीने लपून बसलेल्या श्यामला आई मारून पोहायला धाडते, ते) संवाद लिहून काढले, सहा मुलांना वाटून दिले आणि पाठ करून घेतले. प्रत्यक्ष सादर करताना आई झालेल्या मुलीने श्यामला पट्टीने मारलं आणि सगळा वर्ग खो खो हसला. उरलेल्या २५ मुलांची चुळबुळ शेवटपर्यंत थांबली नाही. ‘यातून काय शिकलात?’ असं विचारल्यावर एक मुलगा म्हणाला, “आईचंच चुकलं. भ्या वाटतंय त्याला मारत्यात व्हय?” बाईंना काय बोलावं ते सुचलं नाही. मुख्याध्यापकांना आता हेच नाटक गॅदरिंगला हवं आहे. एका पालकांनी ‘नाटकं पुरे, शिष्यवृत्तीचं बघा’ असं ऐकवलं आहे. शेजारच्या वर्गाच्या बाईंचं म्हणणं असं, की कोकणातल्या ब्राह्मण घरातलं इतकं जुनं पुस्तक आपल्या मुलांना काय कळणार! ‘मला स्वतःलाही अभिनय येत नाही. हे सगळं सोडून नुसतं वाचून दाखवू का?’ असं त्या विचारतात.

प्रिय बाई,

सोडू नका. पण जसं केलंत तसंच पुन्हा करूही नका.

आधी त्या मुलाबद्दल बोलू. तुम्ही त्याच्याबद्दल एकच ओळ लिहिली आहे, तीही जरा ओशाळून, जणू तिथे तुमचा तास फसला. मला तर तुमच्या पत्रातला सगळ्यात मोलाचा माणूस तोच वाटला. त्याने गोष्ट ऐकली, श्यामच्या जागी स्वतःला उभं केलं, आईचं वागणं तपासलं आणि बाईंना हे उत्तर नकोय हे माहीत असूनही सगळ्यांसमोर आपलं मत सांगितलं. एवढं सगळं एका वाक्यात करणारं मूल तुमच्या वर्गात आहे आणि तुम्ही विचारताय की नाटक बंद करू का!

गोची तुमच्या प्रश्नात आहे. ‘यातून काय शिकलात?’ या प्रश्नाचं उत्तर आधीच ठरलेलं असतं आणि पाचवीतल्या मुलांना ते पाठही असतं. आईने श्यामच्या भल्यासाठी मारलं, आई थोर होती, आपण आईचं ऐकावं. ‘श्यामची आई’ हातात घेतली की आपण सगळेच असे वागतो. डोळे पाणावतात, हात जोडले जातात आणि पुस्तकाला उलटं काही विचारायचं राहून जातं. मुलांनी पुस्तकाशी भांडलं तर त्याचा अपमान होईल, ही धास्ती जरा बाजूला ठेवून बघा. ज्या पुस्तकाशी भांडताच येत नाही ते मुलं परीक्षेपुरतं लक्षात ठेवतात.

आणि या पुस्तकाला तर प्रश्नांचं वावडं मुळीच नाही. साने गुरुजींनी ते १९३३च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, छापून आलं १९३५ साली. त्याची रचना आठवा. प्रकरणांना ‘रात्र’ म्हटलंय, अशा ४२ रात्री. आश्रमात संध्याकाळी मंडळी जमतात, श्याम आपल्या आईची एकेक आठवण सांगतो, मित्र ऐकतात, मध्येच बोलतात, विचारतात. म्हणजे सांगणारा आणि भोवती बसून ऐकणारे ही मांडणी गुरुजींनीच करून ठेवली आहे. तुम्ही वेगळे संवाद लिहायची गरजच नव्हती. वाचायला बसताना सतरंजी गोल अंथरा आणि मुलांना सांगा, ‘आज आपण आश्रमातली मंडळी. श्यामला मध्ये अडवायची मुभा आहे.’ तुमचं पहिलं नाटक इथेच सुरू झालं. त्याला ना पाठांतर लागतं, ना पोशाख.

आता तो सहा जणांचा मुद्दा. मुलांचं नाटक म्हटलं की आपल्यासमोर पडदा, संवाद आणि टाळ्या उभ्या राहतात. त्यात नवल नाही. सुधा करमरकरांनी १९५९ साली लिटल थिएटर सुरू केलं, रत्नाकर मतकरींनी १९६२ मध्ये ‘बालनाट्य’ संस्था काढली आणि मराठी मुलांना खरंखुरं, थाटामाटाचं रंगभूमीवरचं नाटक मिळालं. ते फार मोठं काम होतं. पण तो थाट वर्गात आणायला गेलं की तुमच्यासारखंच होतं. सहा जण नट, पंचवीस प्रेक्षक आणि बाई दिग्दर्शक. त्यातही आईचं काम खणखणीत वाचणाऱ्या मुलीलाच मिळतं, म्हणजे ज्यांना वाचन जमत नाही ती मुलं पुन्हा मागे ती मागेच.

इंग्लंडमध्ये डोरोथी हीथकोट नावाच्या बाई होऊन गेल्या (१९२६ ते २०११). चौदाव्या वर्षी कापडगिरणीत कामाला लागल्या आणि पुढे न्यूकॅसलच्या विद्यापीठात त्यांनी अनेक वर्षं शिक्षकांना शिकवलं. त्या मुलांच्या हातात संहिता देत नसत. स्वतःच एखादी भूमिका घेऊन मुलांना एका अडचणीत नेऊन उभं करत. मुलांनी काय बोलायचं ते त्या अडचणीतूनच निघायचं. बघायला कुणी नसायचं, कारण वर्गातला प्रत्येक जण गोष्टीच्या आत असायचा. तुम्हाला हवंय ते नाटक हे. याला ‘वर्गनाट्य’ म्हणा किंवा काहीच म्हणू नका.

पोहण्याचंच प्रकरण पुन्हा घ्या. ते वाया गेलेलं नाही, उलट मुलांना आता कथानक ठाऊक झालंय. या वेळी श्याम घरात लपून बसलाय तिथपर्यंत वाचा आणि पुस्तक मिटा. अगदी वाक्याच्या मध्ये मिटलं तरी चालेल. मग मुलांना दोन रांगांत समोरासमोर उभं करा, मध्ये एक अरुंद वाट ठेवा. एक मूल श्याम होऊन त्या वाटेने सावकाश चालत जाईल. एका बाजूची मुलं त्याच्या मनातली भीती बोलतील, दुसऱ्या बाजूची त्याला पोहायला जा म्हणतील. एकेकाने एकच वाक्य बोलायचं. ‘बुडशील.’ ‘समदी पोरं हसतील.’ ‘आय रागवंल.’ ‘एकदा पवाय आलं की मजा येती.’ वाटेच्या टोकाला पोचल्यावर श्यामने ठरवायचं, जायचं की लपूनच राहायचं. मग दुसरा श्याम. एकतिसातली एकतीसही मुलं बोलतात आणि कुणाला एका वाक्यापेक्षा जास्त बोलावं लागत नाही. ज्या मुलाच्या तोंडून शब्द फुटत नाही त्याला ‘मागच्याचंच वाक्य पुन्हा म्हण’ एवढी सवलत द्या. काही दिवसांत तो स्वतःचं वाक्य आणेल. नाही आणलं तरी बिघडत नाही. एका वर्गात मी पाहिलं, चार लाजऱ्या मुलांना बाईंनी विहीर केलं होतं. हातात हात घालून गोल उभी राहिली आणि खोल आवाजात घुमायला लागली. श्याम झालेला मुलगा त्या आवाजाने खरंच दचकला.

या सगळ्याला पंधरा मिनिटं पुरतात. आवाज होईल, शेजारच्या वर्गाची तक्रार येईल, म्हणून शक्यतो व्हरांड्यात किंवा झाडाखाली करा आणि थांबण्याची खूण आधी ठरवून घ्या. परिपाठाची खंजिरी असेलच. ती वाजली की जो जसा असेल तसा पुतळा. पहिले काही दिवस फक्त हा पुतळ्यांचाच खेळ घेतलात तरी हरकत नाही. तीन-तीनच्या गटांना सांगा, ‘आई श्यामला शोधायला आली, तो क्षण पुतळ्यांत दाखवा.’ मग फिरत फिरत एखाद्या पुतळ्याच्या खांद्याला हात लावा. हात लागला की त्याने मनात काय चाललंय ते बोलायचं.

हसण्याचं तुम्ही मनाला लावून घेतलंय. पण मुलं श्यामला हसली नाहीत हो. पट्टी खरी होती, मार लटका होता आणि मारणारी रोज शेजारी बसणारी मैत्रीण होती, तिथे पाचवीचा कुठलाही वर्ग हसणारच. शिवाय हेही लक्षात घ्या, की २००९च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेत मुलांना मारायला बंदी घातली, आणि त्याच शाळेत आपण मुलांना मायेने मारणाऱ्या आईची गोष्ट वाचून दाखवतो. हा विसंवाद मुलांच्या नजरेतून सुटत नाही. काहींना घरी खरोखरचा मार बसत असेल, त्यांचं हसू तर आणखी वेगळं. त्यामुळे एक नियम करून टाका. वर्गनाट्यात मारणं दाखवायचं नाही. हात वर उचलला की खंजिरी, की पुतळा. तिथे थांबून विचारा, ‘या हाताला आत्ता काय वाटतंय?’ मुलं लगेच गप्प होतील अशी खात्री मी देत नाही, पण पट्टीचं हसू तिथे येणार नाही. आणि ‘तुझ्या घरी असं होतं का?’ हे चुकूनही विचारू नका. नाटकाच्या आडोशाने मूल जे बोलतं ते श्यामचं म्हणून बोलतं, तो आडोसा आपण काढून घ्यायचा नसतो. एखाद्या मुलाच्या बोलण्यातून काळजी वाटावी असं काही कानावर आलंच, तर ते वर्गाबाहेर, एकट्याशी, नाटकाचा विषय न काढता.

तुम्हाला अभिनय येत नाही, हे तर उत्तमच. अभिनय येणाऱ्या बाई वर्गात भाव खाऊन जातात आणि मुलं बघत बसतात. तुम्ही एक खुर्ची मध्ये ठेवा, पदर किंवा ओढणी डोक्यावरून घ्या आणि सांगा, ‘आता मी श्यामची आई. विचारा काय विचारायचं ते.’ ओढणी खाली आली की तुम्ही पुन्हा बाई. आवाज बदलायचा नाही, रडायचं नाही. फक्त ‘मी’ म्हणून बोलायचं. एका शाळेत असंच चाललं असताना मागून एका मुलीने विचारलं, “तुमाला सोताला पवता येतं का?” पुस्तकात याचं उत्तर नाही. खुर्चीतल्या बाई क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, “मला कोण शिकवणार? आम्ही बायका विहिरीवर जायचो ते पाणी भरायला.” त्यावर त्याच मुलीचा दुसरा प्रश्न, “मंग पोराला पाण्यात ढकलताना तुमाला भ्या नव्हतं वाटत?” तिथे बाईंनी खरं उत्तर दिलं. “वाटत होतं,” एवढंच. पुढची दहा मिनिटं मुलं भीती आणि राग यांच्याबद्दल जे बोलली ते कुठल्याही स्वाध्यायात लिहून आलं नसतं. तुमच्या त्या मुलालाही खुर्चीसमोर उभं करा आणि त्याचाच प्रश्न आईला विचारू द्या. आई हरली तरी चालेल. दुसऱ्या दिवशी त्याला खुर्चीत बसवा आणि इतरांना विचारू द्या, ही गंमत मात्र सोडू नका.

आता शेजारच्या बाईंचा मुद्दा. तो मी झटकून टाकणार नाही, त्यात तथ्य आहे. श्यामच्या गावचं, पालगडचं ते घर, ते सोवळं, ती व्रतं तुमच्या मुलांच्या ओळखीची नाहीत. पण म्हणून पुस्तक कळायचं नाही हे मला पटत नाही. भाषेचं म्हणाल तर भूमिकेत मुलांना त्यांच्याच बोलीत बोलू द्या. श्याम ‘आरं’ म्हणाला आणि आई ‘न्हाय’ म्हणाली तर साने गुरुजी रागवायचे नाहीत. आणि माल भरपूर आहे. आईच्या हातून भाजीत मीठ राहतं आणि वडील चकार शब्द न काढता जेवून उठतात, ते ‘अळणी भाजी’ प्रकरण घ्या. एका गटाने ते जेवण मुक्याने करून दाखवायचं, एकही शब्द न बोलता. मग आई जेवायला बसते, पहिला घास घेते आणि खंजिरी. आपल्या घरी भाजी बिघडली तर कोण काय बोलतं, हे मुलं न विचारता सांगू लागतील, आणि ते हसत हसत सांगण्यासारखं असतं. कर्जाची, तगाद्याची प्रकरणंही तुमच्या मुलांना माझ्यापेक्षा जास्त कळतील. तिथे मात्र सावकाराच्या माणसाची भूमिका तुमच्याकडे ठेवा. ज्याच्या बापाने कर्ज काढलंय अशा मुलाला गावातल्या दुसऱ्या मुलाकडून वर्गात तगादा नको.

सगळ्यात जपून करायचं ते ‘देवाला सारी प्रिय’. डोक्यावरची मोळी पडलेल्या म्हाताऱ्या महार बाईला कुणी हात लावायला तयार नसतं. आई श्यामला सांगते, जा, तिच्या डोक्यावर मोळी दे आणि मग आंघोळ कर. हे प्रकरण गाळावं असं तुम्हाला वाटेल. गाळू नका. हे लिहिणाऱ्या माणसाने पंढरपूरचं विठ्ठलमंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून १९४७च्या मे महिन्यात उपोषण केलं होतं, हे मुलांना जरूर सांगा. पण त्या आजीची भूमिका वर्गातल्या कुठल्याही मुलाला देऊ नका, अगदी हौसेने पुढे आलं तरी. शाळेत भूमिकेचं नाव टोपणनाव होऊन बसतं आणि सातवीपर्यंत पाठ सोडत नाही. मूळ मजकूर वाचताना जातीचा उल्लेख आहे तसा वाचा, मात्र खेळताना ‘मोळीवाली आजी’ एवढंच म्हणा. आजी कुणीच होऊ नये हे सगळ्यात बरं. मध्ये दप्तरांची मोळी ठेवा, दोरीने बांधलेली. मुलं म्हणजे रस्त्याने जाणारी माणसं. प्रत्येकाने मोळीजवळून जायचं आणि आपण का थांबलो नाही ते मनात नाही, मोठ्याने बोलायचं. ‘मला उशीर होतोय.’ ‘लोक काय म्हणतील.’ ‘दुसरं कुणीतरी उचलंल की.’ शेवटी श्याम आणि तुम्ही मिळून ती उचला.

त्यानंतर एखादं मूल हमखास विचारेल, ‘मग आईनं आंघोळ कर असं का सांगितलं?’ इथेही आईची बाजू सावरायला धावू नका. ओढणी घेऊन खुर्चीत बसा आणि तिला जे जमलं नाही ते तिला कबूल करू द्या. चांगली माणसंही आपल्या काळापुढे अर्धीच पावलं टाकतात, हे पाचवीतल्या मुलाला कळतं. त्याला ते समजावून सांगू नका एवढंच.

सगळ्या ४२ रात्री खेळायच्या नाहीत. पाच-सहा पुरे, बाकीच्या नुसत्या वाचायच्या. आईच्या आजारपणाच्या आणि मृत्यूच्या रात्री तर मुळीच खेळू नका, विशेषतः वर्गात कुणाची आई किंवा वडील गेले असतील तर. त्या वाचायच्या आदल्या दिवशी अशा मुलाला बाजूला घेऊन सांगा, उद्या हे येणार आहे, तुला वर्गात बसायचं नसेल तर वाचनालयाची पुस्तकं लावायला मदत कर.

पालकांना काय सांगायचं? नाटकाने शिष्यवृत्तीचे गुण वाढतात असं सांगू नका, तशी हमी तुम्ही देऊ शकत नाही. वही दाखवा. खेळ झाल्यावर लगेच, सगळं डोक्यात ताजं असताना, दहा मिनिटं लिहायला लावा. त्या रात्री आईच्या मनात काय आलं असेल? श्यामने वडिलांना चिठ्ठी लिहिली असती तर? मोळीवाली आजी घरी गेल्यावर काय बोलली असेल? ज्या मुलाचं लिहिणं एरवी दोन ओळींत आटोपतं, त्याची आधीची आणि नंतरची पानं शेजारी ठेवा. पालकांना कळायला तेवढं पुरतं. तुमच्या आकारिक मूल्यमापनातही, म्हणजे वर्षभर शिकवता शिकवता करायच्या मूल्यमापनात, तोंडी काम आणि उपक्रम ही साधनं आहेतच. कोण काय बोललं ते तिथे एका ओळीत टिपून ठेवा. केंद्रप्रमुख आले की नोंदी बोलतात. आणि हो, साने गुरुजींचं लेखन आता स्वामित्वहक्कातून मोकळं झालेलं आहे, तेव्हा एखाद्या प्रकरणाच्या झेरॉक्स काढून गटागटांत वाटायला काही अडचण नाही.

राहिले मुख्याध्यापक. त्यांना थेट नकार देऊ नका, तुम्हाला त्यांच्याच शाळेत राहायचंय. सांगा की गॅदरिंगला माझा वर्ग करेल, पण ३१ मुलं मंचावर असतील आणि मारण्याचा प्रसंग असणार नाही. पाहुण्यांसमोर ती दोन रांगांची वाट करा, श्याम मधून चालत जाऊ दे आणि टोकाला पोचल्यावर त्याने प्रेक्षकांतल्या आयांनाच विचारावं, ‘तुम्ही काय केलं असतं?’ माईक खाली द्या. दोघी-तिघी तरी बोलतीलच. मुख्याध्यापकांना हे चालणार नसेल आणि पट्टी-संवादांचंच नाटक हवं असेल, तर ते एखाद्या हौशी सहकाऱ्याकडे सोपवा आणि तुमचा दुपारच्या सुट्टीनंतरचा वेळ तेवढा मागून घ्या.